ग्रंथालयाचे ई-पुस्तक आणि वाचकाची गोपनीयता: कोणाला काय कळते

ग्रंथालयातून छापील पुस्तक घरी नेताना देवघेवीच्या टेबलावर होणारी नोंद अगदी मोजकी असते. अमुक सभासदाने अमुक दाखल क्रमांकाचे पुस्तक अमुक तारखेला नेले आणि ते अमुक तारखेपर्यंत परत यायचे आहे, एवढेच त्यात असते. पुस्तक परत आले की त्या नोंदीचे काम संपते. अनेक ग्रंथालयांच्या संगणकप्रणाली तर पुस्तक जमा होताच सभासद आणि पुस्तक यांना जोडणारी नोंद मुद्दाम पुसून टाकतात, म्हणजे उद्या कोणी विचारायला आले तरी सांगण्यासारखे काही उरू नये. मधल्या दिवसांत ते पुस्तक पूर्ण वाचले गेले की दहाव्या पानावर सोडले गेले, कोणता परिच्छेद रात्री दोन वाजता पुन्हा काढून वाचला, हे वाचकाखेरीज कोणालाच ठाऊक नसते.

तेच पुस्तक ई-पुस्तक म्हणून घेतले की परिस्थिती पार बदलते. वाचक आणि ग्रंथालय यांच्यामध्ये आता ग्रंथालयाला ई-पुस्तके पुरवणारी कंपनी असते, पुस्तकाची नक्कल होऊ नये म्हणून त्याला डिजिटल कुलूप लावणारी कंपनी असते, वाचनाचे ॲप तयार करणारी आणि फोन किंवा वाचनयंत्र विकणारी कंपनी असते. या सर्वांमधली ये-जा इंटरनेट पुरवठादाराच्या वाहिनीवरून होते. यांतल्या प्रत्येकाकडे वाचकाविषयी काही ना काही नोंद तयार होऊ शकते. ग्रंथपालाने गुप्ततेचे व्रत कितीही निष्ठेने पाळले तरी ज्या नोंदी त्याच्या ताब्यातच नाहीत त्या तो पुसू शकत नाही.

या लेखाचा मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. पुस्तक उसने देण्याचा व्यवहार चालवायचा तर किती प्रती बाहेर आहेत आणि त्या कधी परत येणार, हे मोजावेच लागते. मात्र हे मोजण्यासाठी वाचकाचे नाव पुरवठादार कंपनीला कळण्याची गरज नसते, आणि त्याने कोणते पान किती वेळ वाचले हे तर कोणालाच कळण्याची गरज नसते. ही जास्तीची माहिती गोळा होते ती यंत्रणा तशी बांधली गेली म्हणून. पुस्तक देता येण्यासाठी ती आवश्यक असते म्हणून नव्हे.

ग्रंथालयांचा जुना नियम

वाचकाने काय वाचले हे ग्रंथालयाने बाहेर सांगू नये, हा नियम इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३८ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेतच वाचकांशी येणाऱ्या संबंधातून कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले होते. यामागे केवळ शिष्टाचार नव्हता. आजार, कर्ज, घटस्फोट, धर्म, लैंगिकता किंवा राजकीय मत अशा विषयांवर माणूस पुस्तक शोधू लागतो तेव्हा त्याने पुष्कळदा त्याबद्दल अजून कोणाजवळ अवाक्षरही काढलेले नसते. आपल्या वाचनावर कोणाची नजर आहे अशी नुसती शंका आली तरी त्याचा हात मागे येतो, आणि ज्याला त्या माहितीची सर्वांत जास्त निकड असते तोच वाचक तिच्यावाचून राहतो.

अशी शंका येण्याला कारणेही घडली आहेत. अमेरिकेची तपाससंस्था एफबीआय 'लायब्ररी अवेअरनेस प्रोग्रॅम' या नावाखाली ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांकडे जाऊन, सोव्हिएत संघाशी संबंधित वाटणारे लोक तिथे काय वाचतात याची चौकशी करत असल्याचे १९८७ साली उघडकीस आले आणि ग्रंथपालांच्या संघटनेने त्याला जाहीर विरोध केला. पुढे २००१ साली दहशतवादविरोधी तपासासाठी झालेल्या पेट्रियट कायद्यातील कलम २१५ मुळे ग्रंथालयाच्या नोंदी मागवणे तपाससंस्थेला सोपे झाले, आणि अशी मागणी आली आहे हे संबंधित वाचकाला सांगण्यासही बंदी होती. या कलमाची मुदत मार्च २०२० मध्ये संपली.

यातले २००५ सालचे एक प्रकरण आजच्या विषयाच्या फार जवळचे आहे. कनेक्टिकट राज्यातील ग्रंथालयांना सामाईक संगणकसेवा देणाऱ्या 'लायब्ररी कनेक्शन' या संस्थेला एफबीआयचे एक गुप्त मागणीपत्र आले. ते पत्र आल्याचे बाहेर बोलण्याचीही मनाई असताना संस्थेशी संबंधित चार ग्रंथपालांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि २००६ साली बोलण्यावरची बंदी सरकारला सोडावी लागली व मागणीही मागे घ्यावी लागली. त्या चौघांचे धैर्य मोठेच होते; पण त्याबरोबर हेही लक्षात घ्यायला हवे की पत्र एखाद्या ग्रंथालयाच्या दारात आले नव्हते, तर अनेक ग्रंथालयांच्या नोंदी जिथे एकत्र साठत होत्या तिथे आले होते. ई-पुस्तकांच्या बाबतीत हजारो ग्रंथालयांच्या नोंदी मोजक्या कंपन्यांकडे एकत्र साठतात.

एका उसनवारीचा माग

एक वाचक नैराश्यावरचे पुस्तक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून उसने घेतो, असे समजून त्याच्या मागोमाग जाऊ.

तो प्रथम सूचीत पुस्तक शोधतो. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असेल तर त्याने काय शोधले आणि कोणत्या पुस्तकाचे पान उघडले, हे वाटेत कोणाला वाचता येत नाही. इंटरनेट पुरवठादाराला साधारणपणे तो कोणत्या संकेतस्थळावर गेला एवढेच कळते, आत काय केले ते कळत नाही. ही मोठीच सोय आहे. पण एचटीटीपीएसमुळे फक्त वाट सुरक्षित होते, पलीकडच्या टोकाला बसलेल्यांना सगळे दिसतच असते, आणि त्या टोकाला ग्रंथालय एकटे नसते. सूचीतील मुखपृष्ठांची चित्रे पुष्कळदा दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. पान किती जणांनी पाहिले हे मोजणारी आज्ञावली तिसऱ्या कंपनीची असते, आणि समाजमाध्यमावर पुस्तक पाठवण्याचे बटण चौथ्या कंपनीचे असते. ब्राउझर यांतल्या प्रत्येकाकडे स्वतंत्र विनंती पाठवतो. त्या विनंतीसोबत वाचकाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्याच्या जोडणीला मिळालेला क्रमांक जातो, त्या कंपनीची जुनी कुकी, म्हणजे तिने पूर्वी ठेवलेली ओळखीची छोटी नोंद ब्राउझरमध्ये असली तर अनेकदा तीही जाते, आणि विनंती कोणत्या संकेतस्थळावरून आली, कधी कधी तर नेमक्या कोणत्या पानावरून आली, हेही जाते. म्हणजे पुस्तक घेण्याआधीच, केवळ त्याचे मुखपृष्ठ पडद्यावर उमटल्यामुळे, ग्रंथालयाशी काहीही संबंध नसलेल्या कंपनीला वाचकाच्या शोधाची चाहूल लागू शकते. माझ्या मते ही गळती सर्वांत अक्षम्य आहे, कारण तिचा पुस्तक देण्या-घेण्याशी काडीचाही संबंध नाही आणि ती थांबवणे पूर्णपणे ग्रंथालयाच्या हातात आहे.

नंतर वाचक सभासद क्रमांक आणि पिन टाकतो. हा माणूस खरोखर सभासद आहे का, हे पुरवठादार कंपनीला ग्रंथालयाच्या संगणकाला विचारावे लागते. या विचारपुशीसाठी आजही अनेक ठिकाणी 'सिप-टू' नावाची संदेशपद्धती वापरली जाते. ती थ्री-एम कंपनीने १९९० च्या दशकात, ग्रंथालयातील स्वयंसेवा यंत्रे मुख्य प्रणालीशी जोडण्यासाठी तयार केली होती. तिच्यातील ६३ क्रमांकाचा संदेश 'या सभासदाची माहिती द्या' असे विचारतो आणि ६४ क्रमांकाचा संदेश उत्तर घेऊन येतो. ई-पुस्तक देण्यासाठी त्या उत्तरातील दोनच खुणा पुरेशा असतात: सभासद वैध आहे की नाही, आणि पिन बरोबर आहे की नाही. पण त्याच उत्तरात सभासदाचे नाव येते आणि ग्रंथालयाने प्रणाली तशी ठेवली असेल तर घरचा पत्ता, ई-मेल आणि दूरध्वनी क्रमांकही येतात. शिवाय ही पद्धत इमारतीच्या आतल्या यंत्रांसाठी बनलेली असल्यामुळे तिचे संदेश मुळात साध्या मजकुराच्या रूपात जातात; त्यांना वेगळे सुरक्षित वेष्टन दिले नाही तर वाटेत कोणालाही वाचता येतात. 'हो' किंवा 'नाही' एवढेच विचारले असताना अख्खा माणूस उलगडून सांगायचा, असा हा प्रकार आहे. तो बंद करण्यासाठी प्रणालीतील काही रकाने न पाठवण्याची सोय करावी लागते, आणि हे काम कोणीतरी लक्षात ठेवून करावे लागते.

ओळख पटली की कंपनीकडे उसनवारीची नोंद तयार होते. ही नोंद टाळता येत नाही, कारण प्रकाशक ग्रंथालयाला ई-पुस्तक बहुधा विकत नाहीत, तर ते वापरण्याचा परवाना देतात आणि तो मोजूनमापून दिलेला असतो. एका परवान्यावर एका वेळी एकाच वाचकाला पुस्तक देता येते, ही सर्वसाधारण अट आहे. काही परवान्यांची मुदत ठरलेली असते, काहींत उसनवारींची संख्या ठरलेली असते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ साली एका परवान्यावर २६ उसनवारींची मर्यादा घातली तेव्हा ग्रंथालयांत मोठी नाराजी पसरली होती. असे करार पाळायचे तर मोजणी अटळ आहे. वाचकाचे नाव, ई-मेल आणि आधी घेतलेल्या पुस्तकांची यादी त्या मोजणीला चिकटलेली असणे मात्र अटळ नाही.

यापुढचा टप्पा कुलपाचा. ई-पुस्तकांच्या उसनवारीत बराच काळ ॲडोबी कंपनीची पद्धत सर्वाधिक रूढ होती. तिच्यात वाचकाला प्रथम पुस्तक मिळत नाही, परवान्याची एक छोटी फाइल मिळते. वाचनाचे सॉफ्टवेअर ती फाइल ॲडोबीच्या यंत्रणेत तयार झालेल्या ओळखीसह सर्व्हरकडे सादर करते आणि मग कुलूपबंद पुस्तक व त्याची किल्ली पदरात पडते. ऑक्टोबर २०१४ मध्ये असे उघड झाले की 'ॲडोबी डिजिटल एडिशन्स' या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वाचनाचा तपशील कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवत होती, आणि तोही कूटबद्ध न करता, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये असे सांकेतिक रूप न देता, साध्या मजकुराच्या रूपात. कंपनीने माहिती गोळा होत असल्याचे मान्य केले, परवान्याच्या तपासणीसाठी ती लागते असे कारण दिले, आणि त्याच महिन्यात पाठवलेली माहिती कूटबद्ध करणारी सुधारित आवृत्ती आणली. त्यामुळे वाटेतली गळती थांबली. परंतु एखाद्या वाचकाने पुस्तकाचा किती भाग वाचला हे कुलूप लावणाऱ्याला मुळात का कळावे, हा प्रश्न कूटबद्धतेने सुटत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. इथे एक तांत्रिक फरक समजून घेण्यासारखा आहे. पुस्तक पूर्ण उतरवून घेतले असेल तर पान उलटण्याची क्रिया वाचकाच्या यंत्रातच घडते आणि तिची खबर बाहेर जाण्याचे काही कारण नसते. पुस्तक ब्राउझरमध्ये पानापानाने दिसत असेल तर पुढची पाने सर्व्हरकडून मागवावी लागतात, त्यामुळे वाचक कुठवर पोचला हे सर्व्हरला आपोआपच कळत जाते. प्रश्न एवढाच उरतो की सर्व्हर ते लक्षात ठेवतो की विसरतो. उतरवलेल्या पुस्तकाच्या बाबतीत खबर बाहेर जाते ती मुख्यतः एका सोयीमुळे. फोनवर सोडलेले पान टॅबलेटवर आपोआप उघडावे यासाठी शेवटचे पान, खुणा, अधोरेखित ओळी आणि टिपणे कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली जातात. सोय खरोखर चांगली आहे. पण माणूस पुस्तकाच्या समासात जे लिहितो ते कधी कधी पुस्तकाहूनही खासगी असते, आणि ते आता दुसऱ्याच्या संगणकावर त्याच्या नावाने राहते.

ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्राचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून ओव्हरड्राइव्ह या पुरवठादारामार्फत ग्रंथालयाची ई-पुस्तके किंडलवर वाचता येऊ लागली. यात वाचक ग्रंथालयाच्या पानावरून सुरुवात करतो, पण पुस्तक मिळवण्याचा शेवटचा टप्पा ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर, त्याच्या ॲमेझॉन खात्यातून पार पडतो. त्या क्षणापासून ही नोंद ग्रंथालयाच्या नियमांखाली राहत नाही, ती दुकानाच्या नियमांखाली जाते. ज्या खात्यात त्याची खरेदी, पत्ते आणि पैसे देण्याचा तपशील असतो त्याच खात्यात हे पुस्तक जाऊन बसते. मुदत संपल्यावर पुस्तक उघडत नाही, पण त्यातील टिपणे आणि खुणा खात्यात जपून ठेवलेल्या असतात. वाचक तेच पुस्तक पुन्हा घेईल किंवा विकत घेईल तर त्या उपयोगी पडाव्यात, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. बटण दाबताना आपण ग्रंथालयाच्या छताखालून दुकानात जात आहोत, हे मात्र फार थोड्या वाचकांच्या ध्यानात येते.

राहिली ती सर्वांत साधी गळती. मागणी नोंदवलेले पुस्तक उपलब्ध झाले की वाचकाला ई-मेल येतो किंवा फोनवर सूचना येते, आणि तीत पुस्तकाचे नाव बहुधा ठळकपणे असते. कुलूप, कूटबद्धता, करार हे सगळे जागच्या जागी असताना बंद फोनच्या पडद्यावर झळकलेले ते नाव शेजारी बसलेल्या माणसाला वाचता येते. घरात छळ सोसणाऱ्या बाईला किंवा स्वतःच्या लैंगिकतेविषयी चाचपडणाऱ्या मुलाला सरकार किंवा कंपनीपेक्षा घरातलीच नजर अधिक धोक्याची वाटू शकते. गोपनीयतेवरील चर्चेत हा धोका फार मागे पडतो याची मला खंत वाटते. 'आपण मागणी केलेले पुस्तक आले आहे' एवढेच सूचनेत लिहिणे ही काही अवघड गोष्ट नाही.

नाव पुसले तरी माणूस उरतो

पुष्कळ कंपन्या सांगतात की वाचनाची माहिती आम्ही नाव काढून ठेवतो. हे पाऊल चांगलेच आहे, परंतु वाचनाची यादी हीच एक ओळख असते. पाच-सहा पुस्तकांची नावे आणि ती घेतल्याच्या साधारण तारखा एकत्र ठेवल्या की तोच क्रम दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता झपाट्याने घटते. २००६ साली एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध, नावांऐवजी आकडे घालून, जाहीर केले होते. पत्रकारांनी काही दिवसांतच त्यांतील एका आकड्यामागची व्यक्ती केवळ तिच्या शोधांवरून हुडकून काढली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने एका स्पर्धेसाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण नावांशिवाय खुले केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या संशोधकांनी दाखवून दिले की एखाद्याने गुण दिलेले आठ चित्रपट आणि त्यांच्या अंदाजे तारखा ठाऊक असतील, आणि त्यांतल्या दोन नोंदी साफ चुकलेल्या असल्या, तरी ९९ टक्के ग्राहकांची नोंद त्या ढिगातून नेमकी वेगळी काढता येते. पुस्तकांची निवड चित्रपटांहून अधिक विखुरलेली असते, हे लक्षात घेतले तर वाचकाची स्थिती याहून बरी असेल असे मानण्यास आधार नाही.

माहिती साठवण्याचा दुसरा धोका चोरीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला. त्यांनी चोरलेली सुमारे ६०० जीबी माहिती पुढे जाहीर झाली आणि ग्रंथालयाच्या अनेक सेवा कित्येक महिने ठप्प राहिल्या. ब्राउझरमध्ये पुस्तके उसनी देणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीस गेल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उघड झाले. तीत ई-मेल पत्ते, वापरकर्तानावे आणि हॅश केलेले, म्हणजे मूळ शब्द थेट वाचता येऊ नये असे रूप दिलेले पासवर्ड होते. या दोन्ही संस्था वाचकांच्या बाजूच्या आहेत, त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतू चांगला असला म्हणून साठवलेली माहिती सुरक्षित राहतेच असे नाही. परतीनंतर पुसून टाकलेली नोंद मात्र चोराला, वकिलाला किंवा तपाससंस्थेला कोणालाच मिळू शकत नाही.

वेगळी बांधणी शक्य आहे

हे सगळे असेच चालायचे असे नाही, कारण वेगळ्या पद्धती प्रत्यक्षात वापरात आहेत. ओळख पटवण्याच्या टप्प्यावर ग्रंथालय कंपनीला सभासद क्रमांक न देता प्रत्येक सभासदासाठी एक निरर्थक सांकेतिक क्रमांक देऊ शकते. कंपनी त्या क्रमांकावर पुस्तक देते, मोजते आणि परत घेते, आणि तो क्रमांक कोणाचा आहे हे फक्त ग्रंथालयाला माहीत असते. प्रत्येक कंपनीला वेगळा क्रमांक दिला तर दोन कंपन्यांना आपापल्या याद्या जुळवूनही माणूस सापडणे बरेच अवघड होते.

कुलपाच्या टप्प्यावर 'रीडियम एलसीपी' ही पद्धत आहे. पॅरिसमधील ईडीआरलॅब ही संस्था तिची व्यवस्था पाहते आणि युरोपातील अनेक ग्रंथालये ती वापरतात. तिच्यात कोणा एका मध्यवर्ती कंपनीत वाचकाचे खाते उघडावे लागत नाही. परवान्याच्या फाइलमध्ये मुदतीची तारीख असते आणि वाचकाला माहीत असलेल्या सांकेतिक शब्दांनी पुस्तक त्याच्या यंत्रावरच उघडते. मुदतवाढ किंवा परती यासाठी संपर्क करावा लागतो तो ज्याने पुस्तक दिले त्याच्याशीच. वाचनाच्या ॲपबाबत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१६ साली 'सिम्पलीई' हे मुक्त स्रोत ॲप आणले, आणि त्याच कामावर पुढे 'पॅलेस' हे ॲप उभे राहिले. ॲपची आज्ञावली सर्वांना पाहता येत असल्यामुळे ते काय पाठवते आणि काय नाही, हे कंपनीच्या शब्दावर विसंबून न राहता जाणकारांना तपासता येते.

मग सगळी ग्रंथालये हे का करत नाहीत? यासाठी तांत्रिक माणसे लागतात, आणि कराराच्या वेळी कंपनीशी घासाघीस करण्याचे बळ लागते. वाचकांना हवी असलेली पुस्तके एकाच कंपनीकडे असतील तर एकट्या लहान ग्रंथालयाचा आवाज तिथे पोचत नाही. म्हणूनच ग्रंथालयांनी एकत्र येऊन अटी घालणे इथे फार मोलाचे आहे.

कायद्याची पोच

अमेरिकेत ४८ राज्यांत ग्रंथालयाच्या नोंदी गुप्त ठेवण्याचे कायदे आहेत, पण त्यांतले बरेच ग्रंथालयाकडे असलेल्या नोंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. तीच माहिती खासगी कंपनीकडे असेल तर काय, हे त्यांत प्रत्येक वेळी स्पष्ट नसते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१२ पासून लागू केलेल्या वाचक गोपनीयता कायद्याने पुस्तके पुरवणाऱ्या व्यापारी सेवांनाही नियमांत आणले, आणि वाचनाच्या नोंदी मिळवण्यासाठी सरकारला न्यायालयाचा आदेश आवश्यक केला.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याची मांडणी अधिक व्यापक आहे. त्यात माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणारा आणि त्याच्या सांगण्यावरून ती हाताळणारा, असे दोघे वेगळे मानले आहेत. ग्रंथालयाच्या सूचनेनुसारच काम करणारी पुरवठादार कंपनी दुसऱ्या प्रकारात येते आणि तिला ती माहिती स्वतःच्या वेगळ्या हेतूसाठी वापरता येत नाही. परंतु वाचकाने त्याच कंपनीकडे स्वतःचे खाते उघडले आणि तिच्या अटी मान्य केल्या, तर त्या खात्यापुरती कंपनीच सामान्यतः ठरवणारी होते. नवे खाते उघडा असे सांगणारा साधासा चौकोन पडद्यावर येतो तेव्हा प्रत्यक्षात कायद्यातील जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जात असते. या कायद्याने वाचकाला आपल्याविषयी कंपनीकडे काय आहे ते मागवण्याचा आणि ठरावीक परिस्थितीत ते पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. तो वापरून पाहावा. आपली यादी एकदा डोळ्यांनी पाहिली की हा विषय कागदावरचा राहत नाही.

वाचकाच्या हातात काय आहे

यंत्रणा बदलणे वाचकाच्या हातात नाही, पण काही गोष्टी निश्चित आहेत. एकाच पुस्तकासाठी दोन वाटा उपलब्ध असतील तर ग्रंथालयाच्या खात्यावरच चालणारी वाट घ्यावी आणि दुकानाच्या खात्यातून जाणारी टाळावी. ॲपमध्ये वाचनाचा इतिहास ठेवण्याची सोय असेल तर ती बंद करता येते का ते पाहावे. अनेक ठिकाणी ती सोय ग्रंथालयाच्या खात्यात एक आणि ॲपमध्ये दुसरी अशी दोनदा असते, आणि एक बंद केल्याने दुसरी बंद होत नाही. दोन यंत्रांवर वाचायचे नसेल तर खुणा व टिपणे सर्व्हरवर जुळवून ठेवणारी सोयही नको. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद पडद्यावर सूचनेचा मजकूर दिसू न देणे हा एका मिनिटाचा उपाय आहे. तो उपाय जास्तीत जास्त लोकांच्या उपयोगी पडेल. घरातील अनेक जण एकच खाते वापरत असतील तर यादी सर्वांना दिसते हे गृहीत धरावे आणि नाजूक विषयावरील पुस्तकासाठी शक्य असल्यास स्वतःचे सभासदत्व वापरावे.

व्हीपीएन, म्हणजे आपली इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा, घेतले की सगळे झाकले जाते, असा समज आहे. त्याने आयपी पत्ता लपतो आणि इंटरनेट पुरवठादाराला संकेतस्थळाचे नाव कळत नाही, पण ते आता व्हीपीएन कंपनीला कळते. शिवाय वाचकाने आपल्या सभासद क्रमांकाने प्रवेश केला असेल तर पुस्तक कोणी घेतले हे पुरवठादाराला पूर्वीइतकेच स्पष्ट असते.

ग्रंथालयालाही विचारावे, आणि नेमके विचारावे. आमच्याविषयी कोणकोणते रकाने कंपनीकडे जातात? पुस्तक परत केल्यावर कंपनीकडची नोंद किती दिवसांनी पुसली जाते, आणि करारात तसे लिहिले आहे का? सूचीच्या पानावर बाहेरच्या कोणत्या कंपन्यांच्या आज्ञावली चालतात? ग्रंथपाल अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. कंपनीशी बोलताना 'आमचे वाचक हे विचारत आहेत' असे सांगता येणे त्यांना हवेच असते.

सेवा सोडायची वेळ आली तर क्रम पाळावा लागतो. आधी उसनी पुस्तके परत करावीत आणि प्रलंबित मागण्या रद्द कराव्यात, मग टिपणे व खुणा एक एक करून किंवा एकत्र पुसाव्यात, त्यानंतर यंत्राची नोंदणी काढावी आणि शेवटी कंपनीला लिहून खाते बंद करायला सांगावे. फोनवरून ॲप काढून टाकल्याने फक्त फोनवरची प्रत जाते. कंपनीच्या सर्व्हरवरचे खाते आणि त्यातील यादी त्याने हलत नाही. ग्रंथालयाचे सभासदत्व रद्द केल्यानेही कंपनीकडचे खाते आपोआप बंद होत नाही, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळे कळवावे आणि दोन्हीकडून लेखी उत्तर घ्यावे.